कोटेशनची शेवटची ओळ

अनिता सोनवणेनं दिलेल्या कोटेशनची शेवटची ओळ पणदऱ्याच्या विजयसिंहांनी वाचली असती, तर हसून कागद तिथल्या तिथं परत केला असता. पण वाचतो कोण! माणूस लाकूड कुठलं ते बघतो, दिवस किती लागणार ते बघतो आणि खाली सही ठोकून मोकळा होतो. विजयसिंहांनीही तेच केलं. ती ओळ अशी होती: 'वास्तुशांतीच्या दिवशी मिस्त्रीचा मान, म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ, सर्वांसमोर अनिता सोनवणे हिला द्यावा.'

आता हा मान म्हणजे काय मोठं घबाड नव्हे. टॉवेल पहिल्या धुण्यात विरतो आणि नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते. पण आपल्याकडं घर बांधून झालं की मालक चारचौघांत गवंड्याला, सुताराला पुढं बोलावतो, टोपी डोक्यावर ठेवतो, आणि मग सगळ्या पाहुण्यांना कळतं की हे काम या माणसाच्या हातचं. तेवढंच असतं त्यात. आणि अनिताला तेवढंच हवं होतं.

नऊ वर्षांत तिनं लाकडाचे अकरा गोल जिने उभे केले. इंदापुरात चार, बारामतीत पाच, बाकीचे इकडंतिकडं. अकरा जिन्यांच्या अकरा टोप्या कुणाच्या डोक्यावर गेल्या विचारा. सहा कंत्राटदारांच्या. चार तिच्या नवऱ्याच्या. तो बिचारा दीपक एमआयडीसीतल्या दूध डेअरीत कामाला, सुट्टीच्या दिवशी फक्त फळ्या उचलायला यायचा, आणि टोपी डोक्यावर पडली की बायकोकडं बघून कानकोंडा व्हायचा. अकरावी टोपी तर बारामतीच्या एका डॉक्टरांच्या घरी टेंपोवाल्याला दिली. का, तर जिना त्यानं आणून उतरवला होता! अनिता तिथंच हातात पॉलिश पेपर घेऊन उभी होती. तिला हळदीकुंकू लावलं, ब्लाऊजपीस दिला आणि म्हणाले, "ताई, जेवून जा बरं का."

त्या दिवशी ती जेवली नाही. घरी येऊन कॉम्प्युटर चालू केला आणि कोटेशनच्या नमुन्यात ती ओळ घातली. दीपक मागून वाचत होता. म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक पळून जाईल."

"जाऊ दे की. टोपीला भिऊन पळणारं गिऱ्हाईक माझ्या जिन्यावर कशाला पाहिजे?"

तशी ती पहिल्यापासून अशीच. शेळगावची. वडील अप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. घरात सुतारकी नव्हती, रंधा नव्हता, पटाशी नव्हती. होती ती मोजमापाची खोड. अप्पा भाकरीसुद्धा गोल आहे का ते बघून खायचे. अनितानं आयटीआय केलं आणि बारामती एमआयडीसीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागली. तिथं तिला सीएनसी राऊटर भेटला. भेटला असंच ती म्हणते. पलंगाएवढं टेबल, त्यावर मागंपुढं धावणारा लोखंडी हात, हाताच्या टोकाला भिंगरीसारखं फिरणारं पातं. कॉम्प्युटरवर जे काढाल ते लाकडात कोरून देणार. सहा वर्षं तिनं ते मशीन चालवलं. तिनं शिकवलेली तीन पोरं तिच्या डोळ्यांदेखत सुपरवायझर झाली आणि ती ऑपरेटरच राहिली. चौथं पोर शिकायला आलं तेव्हा तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "ह्याला तुमीच शिकवा."

कारखान्यानं पुढं ते जुनं मशीन भंगारात काढलं, ते तिनंच घेतलं. अप्पांनी आणि तिनं मिळून दोन महिन्यांत ते चालू केलं. शेळगावात उसाच्या कडेला पत्र्याचं शेड घातलं. गावानं नाकं मुरडली. ऊस लावायचा सोडून शेडात भुसा पाडायला लागली, बाईमाणूस, आणि त्यात सुताराचीही नव्हे! एकानं तर तोंडावर सांगितलं की सुतारकीला रक्तच लागतं. अनिता म्हणाली, "मशीनला रक्ताचा गट विचारला. त्याला ठाऊक न्हाय म्हणतं."

पहिलाच कठडा मात्र तिनं पार वाया घालवला. गोल जिन्याचा कठडा नुसता वाकत नाही. तो वळतो आणि त्याच वेळी वर चढतो. तसला तुकडा मशीनवर एका दमात होत नाही. सागाच्या पट्ट्या चिकटवून ठोकळा करायचा, आधी वरचा अर्धा भाग कोरायचा, मग ठोकळा पालथा घालून खालचा. अनितानं तो पालथा घातला, पण आडवा घालायचा तो उभा घातला. झालं! वरची बाजू एकीकडं वळलेली, खालची भलतीकडं. चांगला जुना साग, अप्पांनी जपून ठेवलेला. ती रडली का? रडली. मग तोच तुकडा शेडच्या दारावर खिळ्यानं ठोकला. येणारा जाणारा विचारायचा, हे काय वेडंवाकडं? ती म्हणायची, "माझी पाटी हाय ती."

तेव्हापासून तिच्या कामाची एक रीत पडली. जिना पुरा बसवायचा, कठडा वरून खाली जोडत आणायचा, पण अगदी खालचं टोक बसवायचं नाही. ते टोक म्हणजे वळून वळून स्वतःत शिरलेला लाकडी गोळा. ती त्याला शंख म्हणते. जिना चढताना माणसाचा पहिला हात पडतो तो त्याच्यावर. शंखाच्या आत तिनं स्वतः काढलेली एक लपलेली खाच असते. ना खिळा दिसतो, ना स्क्रू. शंख ती शेवटच्या दिवशी मालकासमोर बसवते, आणि तोवर तो तिच्या पिशवीत, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला असतो. शंख पिशवीत असेपर्यंत जिना तिचा, असा तिचा हिशेब.

तर पणदरे. विजयसिंहांचा बंगला उसाच्या मधोमध, पांढराशुभ्र. डॉक्टरांच्या घरचा जिना त्यांनी पाहिला होता आणि तसाच त्यांना दिवाणखान्यात हवा होता. बंगल्याचं काम बापूसाहेबांकडं. पंचवीस वर्षं धंद्यात मुरलेले कंत्राटदार, कडक इस्त्रीचे कपडे, आवाज असा की वीट आपोआप जागेवर बसावी. त्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं.

"गोल जिना सिमिटाचाच करावा," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "लाकूड कुठं असं वाकतंय व्हय?"

"वाकतंय. पातळ पट्ट्या काढून वाकवलं की वाकतंय," अनिता म्हणाली. "पर आदी तुमची भिंत मोजू द्या."

भिंत गोल होती खरी, पण मधेच दोन बोटं पोटात गेली होती. अनितानं ते बोलून दाखवलं नाही. प्लायवूडचा नेमक्या गोलाईचा फर्मा कापून भिंतीला लावला, आणि मधली फट सगळ्यांना दिसली. बापूसाहेबांचे गवंडी दुसरीकडं बघायला लागले. बापूसाहेब म्हणाले, "प्लास्टरनं भरून घेऊ."

"भरू नका. हाय तशी राहू द्या. मी जिनाच तसा करते," ती म्हणाली. भिंतीचा खोटेपणा तिनं मोजून कागदावर उतरवला आणि जिन्याच्या फळीत जिरवला. आज बंगल्यात कुणी गेलं तर भिंत चुकलीय हे त्याला कळणारही नाही. बापूसाहेबांची लाज तिनंच झाकली, हे लक्षात असू द्या.

बापूसाहेबांच्या मात्र ते लक्षात राहिलं नाही. महिनाभर ते येईल त्याला सांगत होते, "आवो, ती काय करती? मशीन करतं समदं. ती नुसतं बटन दाबती."

एकदा तिनं ते ऐकलं. शिडीवरून उतरली, खिशातून शेडची किल्ली काढली आणि त्यांच्यापुढं धरली. "घ्या. शेळगावात शेड हाय, मशीन हाय, बटन हिरवं हाय. जावा, दाबा, आन् एक कठडा घिऊन या." बापूसाहेब हसले आणि मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. किल्ली तशीच तिच्या हातात राहिली.

वास्तुशांतीच्या सकाळी अनिता आणि दीपक मोटारसायकलवरून पणदऱ्यात पोचले. तिनं साधी हिरवी साडी नेसली होती, कमरेला नेहमीसारखी मोजपट्टी अडकवलेली, आणि खांद्याला शंखाची पिशवी. आधी ती विजयसिंहांकडं गेली आणि कोटेशनचा कागद उघडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दादा, एवढं ध्यानात हाय ना?"

विजयसिंहांनी ओळ वाचली. मग तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा ओळीकडं. आणि हसले. "ताई, चेष्टा करता व्हय? बाईला कुठं टोपी घालत्यात? आत्यानं तुमच्यासाठी भारीतली साडी आणलीया."

"साडी आत्याबाई प्रेमानं देतील तर घेईन. पर टोपी येगळी. ती कामाची हाय. आन् खाली सही तुमची हाय."

"बरं, बगू, बगू," म्हणत ते पाहुण्यांकडं वळले. तो 'बगू' कसला असतो ते अनिताला नऊ वर्षांत पुरतं कळलेलं होतं.

पूजा झाली. दिवाणखान्यात दीडदोनशे माणूस. गोल भिंतीला बिलगून तिचा जिना, खालून पाहिला तर कुठंच टेकू नाही, वळत वळत वर गेलेला. पाहुणे माना वर करकरून बघत होते, आणि खरं सांगायचं तर तिचा ऊर भरून आला होता. तेवढ्यात माइकवाल्यानं घसा साफ केला. "आता मिस्त्रींचा मान! हा राजेशाही जिना ज्यांच्या कल्पनेतून उभा राहिला, ते आपले बापूसाहेब! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. बापूसाहेब पुढं आले. विजयसिंहांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. बापूसाहेबांनी हात जोडले आणि, माणूस बघा, अनिताकडं न बघता म्हणाले, "आपल्या हातून झालं, देवाची कृपा."

अनिताला संताप आला. आपल्या हातून! ज्या हातानं एक पट्टी उचलली नव्हती त्या हातून! दीपकनं तिचं कोपर धरलं, हळूच म्हणाला, "चल, जाऊ दे." तिनं कोपर सोडवलं, गर्दीतून वाट काढली आणि जिन्यापाशी जाऊन उभी राहिली.

"बापूसाहेब," ती म्हणाली. माइक नव्हता, पण आवाज पार दारापर्यंत पोचला. "मान घेतलासा, अभिनंदन. पर काम आजून अर्धं हाय."

तिनं पिशवीतून शंख काढला, साडीचा तुकडा बाजूला केला. तेव्हा कुठं लोकांचं लक्ष गेलं की कठडा खाली येऊन अधांतरी थांबलाय, त्याला टोकच नाही. तिनं शंख बापूसाहेबांच्या हातात दिला. "बसवा. तुमचाच जिना हाय."

आता एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? बापूसाहेबांनी नारळ एका पोराकडं दिला आणि शंख कठड्याच्या टोकाला लावला. दाबला. बसेना. फिरवून दाबला. बसेना. टॉवेल खांद्यावरून घसरला. "खाच बारीक झालीया," ते म्हणाले.

"न्हाय झाली."

"मग फुगलं आसंल लाकूड. हातोडी आना रे."

"हातोडी लावायची न्हाय," अनिता म्हणाली. "मशीन करतं ना समदं? त्यानं बरोबरच केलं आसंल. तुमी फकस्त बसवा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बापूसाहेबांच्या कपाळावर घाम आला. टोपीची कड ओली झाली. अजून दोनदा त्यांनी जोर लावला, आणि मग शंख हातात धरून नुसतेच उभे राहिले. अनिताला एका क्षणी त्यांची कीवही आली. पण तिला ती दोन बोटं आत गेलेली भिंत आठवली आणि कीव गेली.

तिनं शंख घेतला. खालून वर सरकवला, मनगट बाहेरच्या अंगाला वळवलं, आणि सोडला. खट् असा आवाज झाला. कठडा वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकसंध झाला. सांधा शोधायला पुढं आलेल्या एका म्हाताऱ्याला नखानंही सापडेना.

आता टाळी वाजली नाही. सगळे विजयसिंहांकडं बघत होते. त्यांची आत्या गोजरबाई लगबगीनं साडीचा खोका घेऊन पुढं आली. "घे गं बाई. लई गुनाची हायेस."

अनितानं दोन्ही हातांनी खोका घेतला, आत्याच्या पाया पडली. "आत्याबाई, साडी घेतली. ही तुमच्या घरी आलेल्या बाईचा मान." मग विजयसिंहांकडं वळली. "आता मिस्त्रीचा."

विजयसिंह अवघडले. बापूसाहेबांच्या डोक्याकडं बघायला लागले. बापूसाहेबांनी स्वतःच टोपी काढली आणि पुढं केली. तोंड उतरलं होतं, पण केली.

"ती नको," अनिता म्हणाली. "ती तुमची. बंगला तुमी बांधलाय, विटामातीचा मान तुमचा हाय, मी कदी न्हाय म्हनलं? दुसऱ्याच्या डोक्यावरची मला नको. मला नवी."

"आता नवी कुठनं आनू, ताई?" विजयसिंह कळवळले. "पंगत बसायची हाय."

"पणदऱ्याच्या पेठंत दुकान उगडं हाय. येताना बगितलंय मी." आणि ती तिसऱ्या पायरीवर सरळ बसली. वरच्या मजल्यावर पाहुण्यांना बंगला दाखवायचा होता. वर जायला तोच एक जिना. आणि त्या जिन्यावर ती.

कुणी म्हणालं हट्टी आहे. कुणी म्हणालं, बाईला एवढा ताठा बरा नव्हे. बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "बसू द्या की तिला! तिनंच केलाय न्हवं?" तो कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. दीपक आला आणि मुकाट तिच्या खालच्या पायरीवर बसला. नऊ वर्षांत चार टोप्या घेतलेला माणूस, त्याला त्या दिवशी जरा हलकं वाटलं असावं.

शेवटी विजयसिंहांनी फोन लावला. दुकानदारानं पलीकडून काहीतरी विचारलं. विजयसिंहांनी फोनवर हात ठेवला, चेहरा लालबुंद. "टोपीचा नंबर विचारतोय."

कुणी बाईच्या टोपीचा नंबर कधी काढला होता का? कुणाला ठाऊक असणार! अनितानं कमरेची मोजपट्टी काढली. दोन तालुक्यांतले जिने जिच्यावर मोजले होते, तीच पट्टी. दोनशे माणसांसमोर तिनं ती स्वतःच्या कपाळावरून मागं नेली, कानाच्या वरून फिरवून पुढं आणली, अंगठ्यानं दाबून धरली आणि बघितलं.

"साडेएकवीस," ती म्हणाली. "ढिली नको म्हनावं."

पाव तासात टोपी आली, टॉवेल आला, नारळ आला. अनिता उठून उभी राहिली, पण पायरी सोडली नाही. विजयसिंह टोपी तिच्या हातात द्यायला लागले.

"हातात न्हाय, दादा. त्यांना डोक्यावर घातलीत."

ती तिसऱ्या पायरीवर होती, त्यामुळं विजयसिंहांना दोन्ही हात वर करावे लागले. टोपी बरोबर बसली. माइकवाला माइक घेऊन पुढं आला. अनितानंच त्याला सांगितलं, "नाव घे. अनिता सोनवणे, शेळगाव. जिना तिनं केला." त्यानं तसंच्या तसं म्हटलं. मग ती पायरीवरून बाजूला झाली आणि गोजरबाईंना म्हणाली, "आत्याबाई, पयल्या तुमी चढा." म्हातारीनं शंखावर हात ठेवला आणि न थांबता वर गेली.

परतताना अनिता मोटारसायकलवर मागं बसली होती, डोक्यावर टोपी. पणदऱ्याच्या पेठेत लोक वळून वळून बघत होते. दीपक म्हणाला, "काढून पिशवीत ठेव, वाऱ्यानं उडंल."

"न्हाय उडायची," ती म्हणाली. "मापाची हाय."

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या एका गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवायचं होतं. अनितानं कॉम्प्युटर चालू केला. शेवटच्या ओळीपुढं अजून थोडी जागा शिल्लक होती. तिथं तिनं टाइप केलं: 'टोपी नवी असावी. माप साडेएकवीस.'